१९९९ मधली आई

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली होती. बारावीचं वर्ष, त्यामुळे दिवसा क्लासच्या नोट्स आणि रात्री जेवणं उरकली की कोरियन मालिका. या वेळी मी सुचवलेली मालिका तिने बघायला घेतली, 'गो बॅक कपल'. २०१७ची आहे, तिच्या हिशेबाने जुनीच. मी ओट्यापाशी दुधाला विरजण लावत होते आणि ती हॉलमध्ये गादीवर लॅपटॉप घेऊन लोळत होती. मध्येच त्यातला आवाज चिरका आणि घाईघाईचा यायला लागला. जाऊन बघते तर हिने वेग दीडपट केलेला. आणि तोही कुठे? नायिका अठरा वर्षांपूर्वीच्या आपल्या घरात जागी होते आणि समोर तिची वारलेली आई उभी असते, नेमकी तिथे. "अगं, हे काय?" म्हटलं तर ती सहज म्हणाली, "मावशी, आईचे सीन आले की स्टोरी थांबते गं. ती दोघं आली की करते नॉर्मल." तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. सतरा वर्षांच्या मुलीला प्रेमकथेत आई अडसर वाटणार, यात नवल ते काय. मी काही बोलले नाही, आत जाऊन भांड्यावर झाकण ठेवलं. पण ते वाक्य पुढे कितीतरी दिवस सुटलं नाही.

स्टोरी थांबते.

खरं तर नावापुरतं बघितलं तर तिचं बरोबरच होतं. मालिका रॉमकॉम म्हणूनच ओळखली जाते. अडतिशीतलं एक जोडपं, मा जिन-जू आणि चोई बान-दो. कॉलेजातलं प्रेम, लवकर झालेलं लग्न, एक लहानगं पोर. आता घरात बोलणं उरलेलं नाही, उरले आहेत ते फक्त निरोप. तो औषध कंपनीत, म्हणजे आपल्याकडे ज्याला एमआर म्हणतात ते काम. ती घरी. दोघांचा घटस्फोट होतो, त्या रात्री दोघंही बोटातल्या अंगठ्या काढून फेकतात आणि सकाळी उठतात ती थेट १९९९ मध्ये, वीस वर्षांचे होऊन, आपापल्या जुन्या घरात, जुन्या अंथरुणात. यंत्र नाही, मंत्र नाही, कुणी साधूबिधू येऊन समजावून सांगत नाही. मला हे फार आवडलं. 'का' आणि 'कसं' यात मालिका वेळ घालवत नाही, कारण तिला जे दाखवायचं आहे ते भलतीकडेच आहे.

पहिल्या भागातला तो विटलेला संसार मला इतका खरा वाटला की मध्येच उठून पाणी पिऊन यावं लागलं. जिन-जूचे कसेबसे बांधलेले केस, कडेवर मूल, कुणाशी मोठ्या माणसासारखं दोन वाक्यं बोलायला न मिळणारा अख्खा दिवस. आणि तिकडे बान-दो डॉक्टरांपुढे वाकतोय, त्यांची खासगी लफडी निस्तरतोय, हसतोय. त्याचं ते हसू बघवत नाही. आमच्या इमारतीच्या खाली एक दवाखाना आहे. शेवटचा पेशंट जाईपर्यंत जिन्यात उभे असलेले एमआर मी रोज बघते. इस्त्रीचा शर्ट, जड काळी बॅग, आणि आत बोलावणं आलं की एका क्षणात चेहऱ्यावर चढणारं स्मित. ते बाहेर येताना ते स्मित कसं उतरतं, हेही मी बघितलं आहे. सोन हो-जुन या नटाने ते उतरणं पकडलंय. ऑफिसातून निघाल्यापासून घराच्या दारापर्यंत त्याचा चेहरा विझत विझत जातो, आणि दार उघडणाऱ्या बायकोला जो नवरा मिळतो तो विझलेला असतो. तिला वाटतं, हा माझ्याशीच असा वागतो. त्याला वाटतं, घरी तरी हसायची सक्ती नको. दोघांचंही खरं, आणि दोघंही एकमेकांना ते सांगत नाहीत. भांडणाचा आवाज चढतो तेव्हा जेवढं वाईट वाटत नाही, तेवढं या न सांगण्याचं वाटतं.

मग ती सकाळ येते. १९९९. जिन-जूला आधी वाटतं स्वप्न आहे. आई तिला उठवते आहे, कॉलेजला उशीर होतोय म्हणून ओरडते आहे, आणि ही नुसती बघते आहे. जिन-जू झालेली जांग ना-रा मुळात लहानखुरी, चेहराही कोवळा. १९८१चा जन्म, म्हणजे मालिका आली तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, पण वीस वर्षांची मुलगी म्हणून शोभून दिसते. तरी त्या क्षणी तिचे डोळे वीस वर्षांचे नाहीत. तरुण चेहऱ्यात पोक्त डोळे. आईला मिठी मारून ती रडते ते सुंदर दिसायच्या हिशेबाने रडत नाही. तोंड वाकडं होतं, आवाज फुटत नाही, श्वास अडकतो. आणि आईला काही कळत नाही! ती बापडी विचारते आहे, काय झालं, पोटात दुखतंय का. त्यानंतर कितीतरी वेळ ही मुलगी आईच्या मागे मागे फिरते. आई स्वयंपाक करते तर ही तिथे, आई बाहेर जाते तर ही दारात. समोर तरुणपण पडलं आहे, कॉलेज आहे, देखणा सीनियर आहे, विशीची कंबर आहे. हिला काही नको. हिला आईचा पदर, म्हणजे तिथला जो काही स्वेटर असेल तो, सोडायचा नाही.

ही आई झाली आहे किम मि-क्युंग. कोरियन मालिका बघणाऱ्या बायकांना नाव माहीत नसलं तरी चेहरा माहीत असतो, कारण निम्म्या मालिकांत नायिकेची आई तीच असते. १९६३चा तिचा जन्म. जांग ना-रापेक्षा ती जेमतेम अठरा वर्षांनी मोठी. २०२३ मध्ये 'डॉक्टर चा' आली, त्यात तिची मुलगी झाली होती उम जंग-ह्वा, जिचा जन्म १९६९चा. सहा वर्षांचं अंतर, आणि आई! तरी बघताना एकदाही खटकत नाही. याचं कारण केस पांढरे करण्यात नाही, तिच्या हातांत आहे. ती मुलीशी बोलत असते तेव्हाही हात रिकामे नसतात. काहीतरी निवडतेय, पुसतेय, मुलीच्या पुढ्यात सरकवतेय. बोलणं तिरसट, हात मायेचे. आपल्याकडच्या कितीतरी आया अशाच असतात. तोंडाने 'मर तिकडे' आणि हाताने ताटात आणखी एक भाकरी. २०२० मध्ये 'हाय बाय, मामा' मध्ये तिने याच्या उलटी बाजू केली. तिथे मुलगी मेलेली असते आणि काही दिवसांसाठी परत येते, आणि दार उघडणारी आई असते ही. आधी एका मालिकेत मुलीने आईला परत मिळवायचं आणि मग दुसऱ्या मालिकेत आईने मुलीला. एकाच बाईच्या वाट्याला हे दोन्ही यावं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

भाचीच्या त्या वाक्यानंतर मी डोक्यात इतर मालिका चाळायला लागले. काळात मागे जाण्याच्या या प्रेमकथांत आई आणि आजी नेमकं करतात तरी काय? आणि एक गोष्ट लक्षात आली, जी आधी कधी अशी एकत्र सुचली नव्हती. २०१८ची 'फॅमिलियर वाइफ' घ्या. त्यात बँकेत नोकरी करणारा नवरा बायकोला कंटाळलेला असतो. जुनी नाणी हाती येतात, एक टोलनाका लागतो, हा मागे जातो आणि दुसरीशीच लग्न करून बसतो. सगळं बदलतं. पूर्वीची बायको आता त्याला ओळखतही नाही. कुणालाच काही आठवत नाही. पण त्या पूर्वीच्या बायकोच्या आईला अल्झायमर आहे, आणि ती एकटी याला बघून जावई म्हणून हाक मारते. ली जंग-उन ही ती आई, जिला पुढच्याच वर्षी 'पॅरासाइट' सिनेमातली घरकाम करणारी बाई म्हणून जगाने बघितलं. आणि २०२४ची 'लव्हली रनर', जिच्यावर भाचीचा सगळा वर्ग फिदा आहे. नायिका एका हातघड्याळाच्या जोरावर पुन्हा पुन्हा मागे जाते, नायकाला वाचवायला. शेवटी त्याच्या आठवणीतून स्वतःला पुसून टाकते. तिथेही विस्मरण झालेली एक आजी आहे. आठवणी जात नाहीत, जिवात झिरपून राहतात, अशा अर्थाचं ती बोलून जाते, आणि नंतर नायकाला ज्या तऱ्हेने सगळं आठवत जातं त्याचा पायाच तो असतो. म्हणजे बघा, नायक-नायिका धावपळ करतात, काळ उलटासुलटा करतात, आणि जे खरं घडून गेलं ते सांभाळून ठेवलेलं असतं घरातल्या म्हाताऱ्या बाईने, जिला औषध घेतलं की नाही हेही सांगता येत नाही.

हे मला पटतं आणि पटतही नाही. पटत नाही कारण आमच्या घरात हे झालेलं आहे. विस्मरण म्हणजे दिव्यदृष्टी नव्हे. माझी आजी शेवटची काही वर्षं आमच्याकडे होती. ओल्या चादरी, उशीच्या अभ्र्यात लपवलेले पोळीचे तुकडे, रात्री-अपरात्री दाराची कडी वाजवणं. आईची झोप त्यात गेली ती गेलीच. मालिकेतल्या म्हाताऱ्या बायका स्वच्छ कपड्यांत, विंचरलेल्या केसांनी, ऐन वेळी नेमकं वाक्य बोलतात, तेव्हा मला त्यांना धुणाऱ्या-पुसणाऱ्या हातांची आठवण येते आणि जरा राग येतो. ते हात कुणी दाखवत नाही. पण पटतं ते अशासाठी की आजी दुपारी चारच्या सुमारास उठायची, कोनाड्यातली वायरची पिशवी काढायची आणि त्यात कपडे भरायला लागायची. एक लुगडं, कुंकवाची डबी, कधी माझ्या धाकट्या भावाचा शर्टसुद्धा. "कुठे निघालीस?" म्हटलं की म्हणायची, "गाडी सुटंल. आई वाट बघत असंल." तिची आई म्हणजे माझ्या आईनेही जिला कधी बघितलं नव्हतं ती बाई. आजीला नवरा आठवायचा नाही, मुलांची नावं एकमेकांत मिसळायची, माझ्या आईला ती 'बाई' म्हणायची, जशी परकीला म्हणावी. आणि या सगळ्या गळतीतून खाली उरलं होतं ते एवढंच, की कऱ्हाडच्या पुढे कुठल्याशा घरात आई वाट बघते आहे.

काळाची दोरी सुटली की माणूस तिथे जातो.

म्हणून जिन-जू १९९९ मध्ये जाऊन आधी आईकडेच बघते हे मला लिहिणाऱ्याची युक्ती वाटत नाही. प्रेम दुसऱ्यांदा होऊ शकतं, नवरा दुसरा मिळू शकतो, मालिकेत तर हमखास मिळतो. पण परत जायची सोय झाली तर पाय आपोआप कुठे वळतील?

१९९९ हे सालही साधं नाही. कोरियात ते दिवस हलाखीतून नुकतं डोकं वर काढायचे होते. १९९७च्या अखेरीस देशाला नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, कंपन्या बुडाल्या, घरातले कर्ते पुरुष बेकार झाले. १९९८च्या सुरुवातीला लोकांनी रांगा लावून घरातलं सोनं देशासाठी दिलं. सुमारे ३५ लाख लोक, २२७ टन सोनं. त्यात पोरांच्या पहिल्या वाढदिवसाला मिळालेल्या अंगठ्या होत्या आणि लग्नातल्याही होत्या. 'गो बॅक कपल'मध्ये हे सगळं नाही. तिथलं १९९९ उजळ आहे, ढगळ पँटी, कॉलेजच्या हिरवळीवरचे घोळके, हातात यायला लागलेले मोबाइल, नवीन सहस्रकाची भीती आणि मजा. पण ज्या पिढीच्या आयांनी बोटातली अंगठी काढून रांगेत उभं राहून दिली, त्यांच्याच मुलांनी ती रागाने काढून फेकावी आणि त्यातून ही गोष्ट सुरू व्हावी, याकडे माझं लक्ष गेल्याशिवाय राहिलं नाही. मालिकेला ते सुचवायचं होतं की नाही कोण जाणे. सोन्याशी आपलं जे नातं आहे त्यामुळे मला ते दिसलं असेल. माझ्या आईनेही एकदा पाटल्या मोडल्या होत्या, बाबांच्या कारखान्याचा पगार थकला तेव्हा. त्या कुठे गेल्या हे तिने आम्हाला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तोवर बाहीखाली मनगट झाकून वावरायची.

१९९९ मध्ये मी पुण्यात वसतिगृहात होते. घरी फोन करायचा तो एसटीडी बूथवरून, रात्री उशिरा, दर उतरल्यावर. काचेच्या त्या खोक्यात बाहेरच्या डासांचा आणि आतल्या माणसाच्या घामाचा वास कोंडलेला असायचा. डोळ्यांसमोर लाल आकडे पळायचे. आई पलीकडून "जेवलीस का" म्हणायची आणि मी आकड्यांकडे बघत "हो, ठेवू का" म्हणायचे. खोलीवर परत जाऊन मैत्रिणींशी तासभर हसत बसायला मला वेळ असायचा. यात विशेष काही नाही, सगळ्यांचं तसंच असतं. पण जिन-जू आईच्या मागे मागे फिरते ते बघताना मला तो बूथ आठवतो आणि ते लाल आकडे. परत पाठवलं तर मी काय करीन ते मला ठाऊक आहे. आकड्यांकडे पाठ करून उभी राहीन.

आता भाचीच्या मुद्द्याकडे. आईचे प्रसंग आले की प्रेमकथा थांबते, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं असं की प्रेमकथा चालते ती तिथेच. कारण हा संसार मोडला कुठे, ते मालिका हळूहळू सांगते. डॉक्टरच्या लफड्यावरून झालेला गैरसमज हे निमित्त. खरी भेग पडली ती जिन-जूची आई गेली तेव्हा. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट वेळी नवरा शेजारी नव्हता, ही तिची सल. ती त्याच्याकडे बघते तेव्हा तिला तेच दिसतं, आणि तो तिच्या नजरेत ते वाचतो आणि गप्प होतो. त्या गप्पपणावर मग वर्षांची पुटं चढतात. तो मागे जातो तेव्हा त्यालाही सासू दिसते, जिवंत, चालतीबोलती. जिने याला मुलासारखं खाऊपिऊ घातलं ती बाई आता याला ओळखत नाही, आणि हा कोण लागतो म्हणून तिच्यापुढे रडणार? अनोळखी पोराने भर रस्त्यात रडायचं तरी कोणत्या अधिकाराने? तरी त्याचे डोळे भरतात. तिथे मला पहिल्यांदा कळलं की या माणसानेही आई गमावली होती. बायकोचं दुःख मोठं म्हणून त्याने आपलं मागे ठेवलं, आणि बायकोला वाटलं त्याला दुःखच नाही. दोघांचं मिळून रडायचं राहून गेलं होतं. घरात माणूस गेल्यावर हे किती जोडप्यांचं होतं! एक जण तेराव्याच्या तयारीत, सिलिंडर, भटजी, पाहुण्यांच्या गाद्या. दुसरी भिंतीला टेकून बसलेली. तो धावपळ करतो म्हणून तिला तो कोरडा वाटतो, ती बसून राहते म्हणून त्याला वाटतं हिला एकटं सोडावं. पंधरा दिवसांनी पाहुणे जातात आणि दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नाही. कोरियात तीन दिवस असतात, आपल्याकडे तेरा, पण मागे उरणारी शांतता तीच.

त्या दोघांना पुन्हा एकमेकांच्या जवळ आणतो तो कॉलेजातला पहिला पाऊस किंवा हातात हात नव्हे. ते दोघंच जगात असे आहेत ज्यांना ठाऊक आहे की ही बाई पुढे मरणार आहे. ते कुणाला सांगता येत नाही. एकमेकांनाच सांगता येतं.

मालिकेवर माझ्या तक्रारीही आहेत. देखणा सीनियर आणि बॅले करणारी ती सुंदर मुलगी, या दोघांना उगीच ताणलंय. ती दोघं चांगली माणसं आहेत, त्यांना कुठेतरी पोचवायला हवं होतं. मित्रमंडळींचा दंगा मला मनापासून आवडला, पण मधल्या दोन-तीन भागांत तोच फार होतो. बारा भागांची मालिका आहे, दहाची असती तर अधिक घट्ट झाली असती. आणि मला मनापासून लागलं ते असं की जिन-जू इतिहास शिकत होती, पुढे शिक्षिका होण्यासारखी. वीस वर्षांची होऊन परत आल्यावर तिला आई मिळते, नवऱ्याचा खरा चेहरा मिळतो, पुन्हा आपलं पोर मिळतं. पण तिची स्वतःची वाट, जी लग्नात हरवली, तिला फारच थोडी जागा दिली आहे. बाईला काळाने दुसरी संधी द्यायची आणि त्यातही तिने कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई एवढंच व्हायचं? इथे मी मालिकेशी भांडते. आईवर माझा इतका जीव जडला तरी भांडते.

शेवटाकडे जिन-जू अडकते. इकडे आई आहे, तिकडे २०१७ मध्ये पोर आहे. दोन्ही एकाच काळात असू शकत नाहीत. आणि आई, जिला कुणी काही सांगितलेलं नाही, तिला मुलीच्या वागण्यावरून उमगतं. ही आपली वीस वर्षांची पोर नाही, ही कुणाची तरी आई आहे. आणि तीच तिला जायला सांगते. आईबापांवाचून माणूस जगतो, लेकरावाचून जगता येत नाही, तू तुझ्या लेकराकडे जा, अशा अर्थाचं ती बोलते. हा प्रसंग मी आईबरोबर बघितला. आई मार्गशीर्षात चार दिवस आली होती. तिला कोरियन येत नाही आणि सबटायटल्स इंग्रजीतली, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि ती मटार सोलत ऐकत होती. तोवर तिचं लक्ष भलतीकडेच होतं. त्यांच्या जेवणात एवढ्या वाट्या लागतात तर घासायला बाई येते का, फरशीवर झोपतात तर थंडी वाजत नाही का. मी सांगितलं की तिथे फरशीच खालून गरम करतात. ते तिला फार पटलं, गुडघ्यांना बरं म्हणाली. पण या प्रसंगाला तिने सोलणं थांबवलं.

"गेली ती?" आईने विचारलं.

"गेली."

"म्हणजे ती पोरगी तिथनं नाहीशी झाली?"

"नाही गं. शरीर तिथेच. वीस वर्षांची जी होती, ती आता पुन्हा तिची ती झाली असणार. मोठी झालेली होती ती निघून गेली."

"मग आईला तिची पोरगी मिळालीच की." आईने एक शेंग उचलली. "आणि तिला त्यातलं काही माहीत नसणार."

"नसणार."

"आईला माहीत आहे."

"हो."

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मी पुढचा भाग लावायला गेले तर म्हणाली, "थांब जरा. तिला कळलंय ना आता, आपल्या हातात फार वर्षं नाहीत ते? मग ती सकाळी उठून काय करील सांगू? पोरीला हाताखाली घेईल. हे बघ, हे असं करायचं. हे पासबुक, हे इथे असतं. ती पोर कंटाळेल. आई काय सारखं मागे लागते म्हणेल. तिला कुठे ठाऊक आहे." आणि मटाराचं ताट माझ्याकडे सरकवून तिने मला विचारलं की तुमचं एफडीचं नॉमिनेशन बदललं का. तिने गेल्या वेळीही विचारलं होतं. मी या वेळी लगेच कपाट उघडून कागद काढले आणि तिच्या पुढ्यात ठेवले.

ती वर्षं मालिकेत फारशी येत नाहीत, कारण गोष्ट मुलीबरोबर २०१७ला परत जाते. मला त्या आईची वर्षं बघायची आहेत. मुलीला आपल्या हाताने परत पाठवून, तीच मुलगी घरात वाढताना बघायची. बान-दो पहिल्यांदा जावई म्हणून घरी येईल तेव्हा त्याला बसायला सांगताना तिला काय वाटलं असेल? त्या पोराला तिने जास्तच वाढलं असेल का? नातवंड पहिल्यांदा हातात आलं तेव्हा तिला ठाऊक होतं, याच्यासाठीच आपण पोरीला जा म्हणालो होतो. एवढं मोठं गुपित सांभाळून बाजारात जायचं, भाजी आणायची, शेजारणीशी भांडायचं, मुलीवर ओरडायचं. किम मि-क्युंग ते सगळं करू शकली असती. तिच्यासाठी मी आणखी बारा भाग बघितले असते, आणि त्यात नायक कधी आला असता किंवा आलाच नसता तरी माझं काही अडलं नसतं.